नाल्यापलीकडचा गूळ

गूळ मी मागितला होता. माझ्या तोंडानं, घरोघरी जाऊन, हातात डबा घेऊन. कुणी मला पाठवलं नव्हतं, कुणी जबरदस्ती केली नव्हती. म्हणून आजही कुणी त्या विहिरीचं नाव काढलं की आधी माझा जीव जळतो आणि मग तोंड सुटतं. घरचे म्हणतात, झालं गेलं, आता सोड. काऊन सोडू?

मी आर्वीची. नवऱ्याचं बाजारात किराण्याचं दुकान, आणि मी शाळेत मराठी शिकवायची. आता निवृत्त आहे. माझी मैत्रीण त्याच शाळेत इतिहास शिकवायची. आम्ही दोघींनी मिळून संस्था काढली, जुन्या वास्तू सांभाळायची. सुरुवात झाली ती एका धुण्याच्या दगडावरून. शाळेची सहल घेऊन गेलो होतो, तर नदीच्या काठावर एक बाई ज्या दगडावर लुगडं आपटत होती तो दगड वीरगळ होता. घोड्यावरचा वीर, वर चंद्र-सूर्य, सगळं साबणाच्या फेसात. मैत्रिणीनं त्या बाईला दुसरा दगड शोधून दिला, स्वतः वाहून आणला, आणि तो वीरगळ आम्ही मुलांच्या मदतीनं देवळाच्या पारावर नेऊन उभा केला. त्या दिवशी तिच्या साडीचा काठ फाटला होता आणि ती लहान पोरीसारखी हसत होती.

ती कशी होती ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. एका गावात जुन्या देवळाला ऑइलपेंट मारायचं ठरलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा रंगाचे डबे येऊन पडलेले. ही सरळ जाऊन डब्यांवर बसली. सरपंच आले, उपसरपंच आले, पुजारी हात जोडून थकला. ही उठेच ना. "दगडाले श्वास घेऊ द्या," म्हणाली, "मग उठते." शेवटी डबे दुकानात परत गेले. अशी बाई! तिच्यासाठी मी कुणाशीही भांडले असते, आणि भांडलेही.

पैसा मात्र कधी नीट जमला नाही. सभासदांची वर्गणी, एखाद्या डॉक्टरची देणगी, दिवाळीत आम्ही काढायचो ते जुन्या देवळांच्या फोटोंचं कॅलेंडर. ते कॅलेंडर मी नवऱ्याच्या दुकानात विकायची. तूरडाळ घ्यायला आलेल्या माणसाच्या गळ्यात कॅलेंडर मारायची. नवरा म्हणायचा, "गिऱ्हाईक पळून राह्यले माझे." नव्या मंदिराच्या कळसाला लोक डोळे मिटून देतात. जुन्या दगडाचं नाव काढलं की "पाहू" म्हणतात आणि चहा पाजून वाटेला लावतात. हिशेब तपासून घ्यायचा, धर्मादाय आयुक्तांकडे कागद द्यायचे, एवढ्यातच आमचा अर्धा जीव जायचा.

मग ती विहीर आली. आमच्याच तालुक्यात रोहण्यापासून आत एक गाव आहे, तिथली पायऱ्यांची विहीर. खालपर्यंत पायऱ्या, कोनाडे, एका बाजूला कमान. गावात तिला गुळाची विहीर म्हणतात. म्हणजे बांधली तेव्हा चुन्यात घालायला प्रत्येक घरानं गूळ दिला होता, असं म्हणतात. जुन्या बांधकामात चुन्यात गूळ, बेलाचा गर, मेथीचं पाणी घालत, त्यानं चुना घट्ट धरतो. ज्याचा गूळ त्याची विहीर, असा त्या गावाचा हिशेब. एका पावसाळ्यात तिची एक बाजू ढासळली. ग्रामपंचायत म्हणाली, बुजवून टाकू, लेकरू पडलं म्हणजे? मैत्रीण म्हणाली, मी पाहते.

आणि तिनं पाहिलं. नागपूरच्या एका कंपनीचं प्रतिष्ठान गाठलं. त्यांच्याकडून एक तरुण साहेब आला, चकचकीत बूट घालून, पायऱ्या उतरताना भिंतीला धरून. विहीर त्याला आवडली. पैसे देतो म्हणाला, पण लोकसहभाग दाखवावा लागेल. गावानंही काही घातलं पाहिजे. मैत्रिणीचा चेहरा उतरला. "हे लोक काय घालणार?" ती माझ्या कानाशी पुटपुटली.

मी म्हटलं, "गूळ!"

बस. तो साहेब तिथल्या तिथं खूश झाला. फारच सुंदर, म्हणाला. मलाही त्या क्षणी स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की विचारू नका. मध्य प्रदेशातून चुन्याचं काम जाणणारे गवंडी आणायचे ठरले. गावाबाहेर चुन्याची घाणी बसली, बैलानं फिरवायची, दगडी चाकाची. खड्ड्यात चुनकळी, म्हणजे भाजलेल्या चुन्याचे खडे, भिजत पडली. आणि मी डबा घेऊन निघाले.

नवरा म्हणाला, "दुकानात ढेपा पडल्या आहेत अन् तू गावोगाव गूळ मागत फिरतेस? एक ढेप घेऊन जा अन् मोकळी हो."

"दुकानातला नाही चालत," मी म्हटलं. "घरातला पाहिजे."

"घरात काय गुळाचं झाड असते? माझ्याच दुकानातून गेला असंन."

पण त्यालाही मजा वाटत होती. संध्याकाळी डब्यात डोकावून बघायचा आणि कुठला गूळ चिक्कीचा, कुठला कोल्हापुरी, ते सांगायचा.

आमच्याकडे दारात आलेल्या माणसाला गूळ-पाणी देतात. पाण्याचा गडू आणि वाटीत गुळाचा खडा. त्या गावात मी गूळ मागायला जायची आणि आधी मलाच गूळ खावा लागायचा. प्रत्येक घरी. घरी येईस्तोवर दात शिवशिवायला लागायचे. देवळाजवळच्या घरातली एक सून भारी तोंडाळ होती. डब्यात खडा टाकता टाकता म्हणाली, "मास्तरीनबाई, विहीर गोड होईन का मंग? मुंग्या लागतीन पहा."

"तुझ्या जिभेला आधी लागतील," मी म्हटलं, आणि तिची सासू इतकी हसली की तिला ठसका लागला.

गावातली घरं झाली. नाल्याशी आले तर माझ्यासोबत फिरणारा ग्रामपंचायतीचा माणूस थांबला. नाल्यापलीकडे बौद्ध वस्ती. तो म्हणाला, "तिकडं कशाले जाता मॅडम? त्याइचा कधीच घेत नसते कोनी."

"म्हणून तर जाते," मी म्हटलं. तो अलीकडेच उभा राहिला, बिडी काढून. मी एकटी गेले.

पहिल्याच घरात एक म्हातारी सुपात तूर पाखडत बसली होती. मी विहिरीचं सांगितलं, गुळाचं सांगितलं. ती सूप खाली न ठेवता ऐकत राहिली. मग म्हणाली, "माही माय घागर घेऊन वरच उभी राहे, बाई. खाली उतरू देत नव्हते. कोनी वतलं तं पानी, नाई वतलं तं उभीच. उन्हात. मी तिचा पदर धरून."

मी डबा खाली ठेवून तिच्यासमोर बसले.

"आता तं घरात नळ हाय," ती म्हणाली. "थ्या विहिरीवर आमचं काई काम नाई. पन आमचा गूळ चालते का थ्या चुन्यात?"

"चालतो काय, आजी, तुमचा सगळ्यात आधी घालीन. शब्द देते."

तिनं मान हलवली. "आधी नको. सगळ्याइच्या संगच घाला."

ती उठली, आत गेली, डब्यातून गुळाचा चांगला मुठीएवढा खडा घेऊन आली आणि माझ्या डब्यात, बाकीच्या गुळावर, स्वतःच्या हातानं ठेवला. डब्यात वाकून पाहिलं. मग मलाही गूळ-पाणी दिलं. त्या दिवशीचं ते पाणी मला आठवतं. वस्तीतल्या सगळ्या घरांनी दिला. एकही घर राहिलं नाही. परत येताना तो बिडीवाला म्हणाला, "देल्ला काय?" मी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

डबे भरून मी घाणीजवळच्या खोलीत ठेवले. त्याच सुमारास पुण्याहून लेकीचा फोन आला. तिचे दिवस भरत आले होते आणि काहीतरी अडचण होती, डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं होतं. मी गेले. बाळंतपण झालं, नात झाली, लेकीला सावरायला वेळ लागला. मधूनमधून मैत्रिणीला फोन करायची. "सगळं मस्त चाललंय गं," ती म्हणायची. "तू नातीकडे लक्ष दे. गूळ-बिळ सगळं सुरू आहे." हे शब्द माझे नाहीत, तिचे आहेत. गूळ-बिळ सगळं सुरू आहे.

मार्च संपता संपता उद्घाटन ठरलं. मी आदल्या दिवशी आर्वीत उतरले आणि सकाळी तशीच गाडीत बसून गावात गेले. मांडव, सतरंज्या, कंपनीचा मोठा फलक, नागपूरहून आलेले साहेब लोक. मी धावत विहिरीच्या काठाशी गेले. ढासळलेली बाजू उभी होती! सरळ, पांढरी, स्वच्छ. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मैत्रिणीनं मागून येऊन माझा हात घट्ट धरला. "गुळाचं तू सांग," ती म्हणाली. "तुझ्यासारखं कुणाला जमत नाही."

मी सांगितलं. अहो, जीव ओतून सांगितलं. सुनेच्या मुंग्यांचं सांगितलं, लोक हसले. मग म्हातारीचं सांगितलं, नाव न घेता. "आज या भिंतीत या गावातलं एकेक घर आहे," मी म्हणाले, "नाल्याच्या अलीकडचं आहे आणि पलीकडचंही आहे. पहिल्यांदाच आहे." व्यासपीठावरच्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या. एका बाईंनी डोळे पुसले. मैत्रीण माझ्या शेजारी बसून टाळ्या वाजवत होती.

समोरचं गाव गप्प होतं. कुणी टाळी वाजवली नाही. मागून एक जण फिस्कन हसला. मला वाटलं, माइक बंद पडला असेल.

कार्यक्रम संपला, साहेब लोक पोह्यांकडे वळले. मी एकटी पायऱ्या उतरले. भिंतीला हात लावायचा होता मला. हात लावला, तोच ती देवळाजवळची सून माझ्या मागे येऊन उभी राहिली. तिचा तोंडाळपणा कुठं गेला होता कुणास ठाऊक. हळूच म्हणाली, "मास्तरीनबाई, तुमाले खरंच मालूम नाई का?"

"काय?"

"हे सिमिट हाय. वरून चुना मारला. मिक्सर आलतं ना शहरातून, चार-दोन दिसात उभं केलं. थे चुन्यावाले गवंडी तं कवाच वापस गेले."

"आणि गूळ?"

"थे डबे तं गाडीत घालून नेले. आमाले वाटलं, तुमाले मालूम असंन." मग म्हणाली, "तुमी मांडवात बोलल्या, तं आमाले काईच समजेना. म्हटलं, बाई एवढं धडधडीत खोटं कशी बोलून राह्यली."

मी तडक पायऱ्या चढले. मैत्रीण साहेबांच्या घोळक्यात उभी होती, हातात पोह्यांची बशी. मी तिला दंडाला धरून मांडवाच्या मागे नेलं.

"गूळ कुठे आहे?"

तिनं कुठला गूळ असं विचारलं नाही. एवढ्यावरच मला सगळं कळलं.

"आपण घरी गेल्यावर बोलू," ती म्हणाली.

"आत्ता बोल."

मग ती बोलली. चुना मुरायला वेळ लागतो, भिंत हळूहळू चढवावी लागते, मार्चअखेर काम पूर्ण दाखवलं नसतं तर पैसे परत गेले असते. पुढच्या वर्षी मिळालेच असते असं नाही. तोवर पावसाळा आला असता आणि दुसरी बाजूही बसली असती. "मग काय करायचं होतं मी? तुझा खरा गूळ आणि पडलेली विहीर, हे हवं होतं तुला?"

खोटं नाही बोलत, याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. आजही पूर्ण नाही. पण मी ते विचारलंच नव्हतं.

"गूळ कुठे आहे?"

"गोशाळेत दिला," ती म्हणाली. "वाया नाही घालवला गं. गाईंच्या पोटात गेला. पुण्यच लागेल."

पुण्य! माझ्या अंगाची आग आग झाली. ज्या म्हातारीच्या आईला त्या विहिरीत पाय टाकू दिला नाही, तिनं मुठीएवढा खडा आपल्या हातानं डब्यात ठेवला, आणि तो गाईला चारून ही पुण्य मोजत होती. मी काय काय बोलले ते लिहीत नाही. पोह्यांवरचे साहेब वळून बघायला लागले, इतकं लिहिते.

शेवटी मी एकच विचारलं. "सिमेंट घातलं ते घातलं. मला बोलायला काऊन लावलं? इतक्या लोकांसमोर? तू शेजारी बसून होतीस!"

ती खाली पाहत म्हणाली, "तुला माहीत असतं तर तू बोलली नसतीस. आणि त्यांना तेच ऐकायचं होतं."

इतक्या वर्षांची मैत्री. एका डब्यातून पोळी खाल्लेली. ऑइलपेंटच्या डब्यांवर ती बसली होती तेव्हा तिच्यासाठी पाणी आणि बिस्किटं मीच नेत होते. तिनं माझा खरेपणा ओळखला होता, आणि म्हणूनच तो वापरला. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी चार शिव्या हासडून मोकळी झाले असते. हिच्या बाबतीत शिवीही पुरत नाही.

मी संस्था सोडली. संस्थेचं काही अडलं नाही. त्याच प्रतिष्ठाननं पुढच्या कामाला पैसे दिले, असं ऐकते. त्यांच्या अहवालाच्या मुखपृष्ठावर माझा फोटो आहे, हातात गुळाचा डबा, तोंडभर हसू. शेजारपाजारचे अभिनंदन करतात. त्या भाषणाची चित्रफीतही फिरते. मोबाइलवर मी अजून सांगतेच आहे, नाल्याच्या पलीकडचंही आहे म्हणून.

पावसाळ्यात त्या भिंतीनं मागून पाणी धरलं आणि पोपडे सुटले, असं सुनेनं फोनवर सांगितलं. मला बरं वाटलं. वाटायला नको होतं, पण वाटलं.

पोळ्याच्या आधी मी ठरवलं की गावाला जाऊन तोंडानं खरं सांगायचं. नवऱ्याला म्हटलं, गूळ दे. थट्टा नाही, काही नाही. त्यानं सगळ्यात चांगली ढेप फोडली आणि पिशवी भरून दिली.

गावात मी घरोघर गेले. मला कळलं नव्हतं, मला फसवलं, तुमचा गूळ हा परत घ्या. लोक चांगले. "जाऊ द्या ना मास्तरीनबाई," म्हणाले, "सरकारी काम असो का संस्थेचं, असंच असते." त्यांना वाईट वाटलं ते माझ्यासाठी. विहीर त्यांची होतीच, आधीपासूनच होती. सुनेनं तर मलाच पुन्हा गूळ-पाणी दिलं आणि म्हणाली, "आता मुंग्या गोशाळेत गेल्या."

मग मी नाला ओलांडला.

म्हातारी ओसरीतच होती. तिनं मला ओळखलं, बसायला पोतं टाकलं. मी सगळं सांगितलं.

"म्हंजे आमचा गूळ नाई घातला," ती म्हणाली.

"कोणाचाच नाही घातला, आजी. सगळ्यांचाच गाईंना गेला."

"हाव." तिनं नाल्याकडे पाहिलं. "त्याइचा घातला असंन, बाई. आमचा काढला असंन."

"नाही हो! एकाच डब्यात होता तुमचा-त्यांचा. तुम्ही स्वतः ठेवला ना?"

"मी ठेवला. पन काढाले काय लागते?"

मी शपथ घेतली. नातीची घेणार होते, तोंडाशी आली होती, ती गिळली आणि माझीच घेतली. भिंत सिमेंटची आहे, त्यात गुळाचा प्रश्नच येत नाही, हे समजावून सांगायला लागले, शाळेत सांगायची तसं.

तिनं हात वर करून मला थांबवलं. आवाजात राग नव्हता. "तुमी होत्या का इथं?"

"नाही. पुण्याला होते."

"मंग तुमाले कोनी सांगतलं?"

मला सांगितलं माझ्या मैत्रिणीनं, जिनं गूळ-बिळ सगळं सुरू आहे असंही सांगितलं होतं. आणि सांगितलं देवळाजवळच्या सुनेनं, जी नाल्याच्या अलीकडे राहते. माझ्या डोळ्यांनी मी पोपडे सुटलेली भिंतही धड पाहिली नव्हती.

मी पिशवीतून गूळ काढला. तिनं माझा हात धरून तो परत पिशवीत ठेवायला लावला. "लेक बाळंतीन झाली म्हनता ना, तिले होईन," ती म्हणाली. मग उठली, आत गेली आणि गडूभर पाणी आणून माझ्यासमोर ठेवलं. माझा हात सवयीनं वाटीसाठी पुढे झाला. वाटी नव्हती.

मी पाणी प्यायले, गडू पालथा घातला आणि पिशवी उचलून नाल्यात उतरले.